रस्त्याकडचं दार

गवंडीणबाईंच्या भिंतीत खोट काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि ते खोटंही नव्हतं. वीस वर्षं त्या नवऱ्याच्या हाताखाली राबल्या. पुढे पुढे तर थापी त्याच चालवायच्या आणि लोक कौतुक नवऱ्याचं करून जायचे. मग लढाई गावात शिरली. गाव जळालं, नवरा गेला, आणि म्हाताऱ्या सासूचा हात धरून बाई आणखी पंधरा कुटुंबांबरोबर या परक्या गावाच्या कडेला येऊन पडल्या.

या गावाने त्यांना हाकललं नाही. गावातल्याच पोरांच्या हाताला काम नव्हतं, तरी रस्त्यालगतची मोकळी पट्टी गावकऱ्यांनी देऊन टाकली. मदत संस्थेने सिमेंट आणि पत्रे दिले आणि एकच अट घातली: सोळा घरं बांधायची, पण निम्मे कामकरी आलेल्यांतले, निम्मे गावातले. दोन्हीकडच्या चुली पेटल्या पाहिजेत. गवंडी कुणी मिळेना, तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी नाइलाजाने काम बाईंवर सोपवलं.

"तात्पुरतं हं," ते म्हणाले. बाईंना ते चांगलंच झोंबलं.

तीन महिन्यांत सोळा घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. आता वरचा शेवटचा थर लावून पत्रे चढवायचे, तर एका सकाळी गावातलं कुणी कामावर आलंच नाही. विटांची गाडीही नाही. बाई तडक वीटभट्टीवर गेल्या.

भट्टीवाल्याने मानसुद्धा वर केली नाही. "बाई, आम्ही तुम्हाला जागा दिली आणि तुम्ही आमच्याकडेच पाठ करून बसलात."

"काहीतरीच काय बोलताय दादा!"

"मग इथनं बघा की. सोळा घरं. एकाचं तरी दार रस्त्याकडे आहे? दार सोडा, साधी खिडकी? आमच्या बायका रोज त्या कोऱ्या भिंती बघत जातात. आम्ही काय चोर आहोत?"

बाईंनी वळून बघितलं. सोळाच्या सोळा दारं मागे, शेतांकडे! दार कुठे हवं ते ज्याचं त्याला विचारूनच त्यांनी चौकटी बसवल्या होत्या. प्रत्येकाने मागेच बोट दाखवलं होतं, आणि बाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. भिंत सरळ आहे ना, झालं तर मग!

साहेबांनी निरोप पाठवला, सोमवारपर्यंत गावकरी परतले नाहीत तर काम बंद आणि पत्रे दुसऱ्या वस्तीला.

बाईंनी घरी रस्त्याकडे दार काढायचा विषय काढला. "रस्त्याकडे दार नको गं," सासूबाई काकुळतीला आल्या. "मी तिकडे तोंड करून बसायची नाही." सगळ्यांनी मागेच बोट का दाखवलं, याचा तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला.

शनिवारी सकाळी त्यांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि रस्त्याच्या बाजूने आपल्याच घराच्या भिंतीवर पहिला घाव घातला. आपल्या हातची भिंत फोडताना त्यांना रडू आलं. पण रडता रडताही काम शिस्तीत. आधी वर आडवी खाच काढायची, तिच्यात दारावरची काँक्रीटची पट्टी बसवायची, ती पक्की झाली की मगच खालच्या विटा काढायच्या. नाहीतर वरची भिंत डोक्यात. पट्टी होती दोन माणसांनी उचलायची. वस्तीतले लोक नुसतेच बघत उभे राहिले, म्हणून बाईंनी एकटीनेच एक टोक उचललं.

"अहो, कंबर मोडेल!" ठोकाठोक ऐकून भट्टीवाला रस्त्यावर येऊन थांबला होता.

"मोडू दे. दादा, एक ऐका. आमचं गाव जाळणारे रस्त्यानं आले. कसला गलका म्हणून माझा माणूस पुढच्या दारानं बघायला गेला, तो उंबऱ्यातच पडला. मागच्या दारानं निघालो तेवढेच आम्ही वाचलो. तुमच्याकडे पाठ नाही केली हो. आमची बोटंच तिकडे गेली."

भट्टीवाल्याने बाह्या सरसावून पट्टीचं दुसरं टोक धरलं. पट्टी खाचेत बसल्यावर म्हणाला, "मागचं दार बुजवू नका. घराला दोन दारं असली म्हणून काय बिघडतं?"

सोमवारी विटांची गाडी आली आणि मागोमाग गावातले सगळे कामकरी. एव्हाना वस्तीतली बाकीची पंधरा घरंही रस्त्याकडे दुसरं दार मागत होती. साहेब भिंती बघून चिंतेत पडले. "अजून पंधरा भिंती फोडायच्या म्हणजे खेळ नाही. शहरातून पक्का गवंडी मागवतो."

"कशाला?" भट्टीवाला म्हणाला. "बाईंसारखा हात आमच्या गावात नाही, तुमच्या शहराचं मला माहीत नाही. आमची माणसं बाईंच्याच हाताखाली काम करतील. बघा जमतंय का."

साहेबांना जमवावंच लागलं. त्या दिवसापासून 'तात्पुरतं' हा शब्द कुणी काढला नाही.

दुपारी बाईंनी पट्टीखालची शेवटची वीट काढली. त्या हात धुवायला मागे गेल्या, तेवढ्यात सासूबाई भिंतीला धरत धरत नव्या दारात आल्या. त्या तिथेच, रस्त्याकडे तोंड करून, खाली बसल्या. गावातली एक बाई जाता जाता थबकली.

"छान झालंय की दार! कुणी काढलं?"

इथे आल्यापासून ज्या म्हातारीचा आवाज शेजारच्या घरातसुद्धा ऐकू गेला नव्हता, ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझ्या सुनेनं! ही सगळी सोळा घरं तिच्याच हातची आहेत."