अडीच वाजताचा पारा

अप्पांवर चार शब्द लिहून द्या, असं त्यांच्या शाळेचे लोक सांगून गेलेत. सुवर्णमहोत्सवाचा अंक काढणार आहेत म्हणे. लिहिते. छापतील असं वाटत नाही, आणि न छापलं तरी माझं काही बिघडत नाही.

सुधींद्र गलगलीकर, म्हणजे माझे वडील, यांनी धारवाडात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. शाळेत पोरं त्यांना टरकून असायची, घरात आई आणि मी. जगात त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, धारवाडच्या हवेचा. ती जणू यांनीच तयार करून गावाला दिली होती. "अळणावरच्या रानातनं वारं येतंय, पंखा कशाला पाहिजे?" हे मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. घर बांधताना छताला पंख्याचा हूकसुद्धा ठेवू दिला नाही. गवंड्यानं विचारलं, तर त्यालाच मलनाड, म्हणजे घाटाकडचा पावसाळी डोंगराळ मुलूख, कुठून सुरू होतो ते शिकवत बसले.

परसाच्या टोकाला, फणसाच्या सावलीत, त्यांनी एक थर्मामीटर टांगला होता. रोज दुपारी अडीचला पारा बघायचा, वहीत आकडा लिहायचा आणि पुढे शेरा मारायचा, हा त्यांचा नेम. शेरा बहुतेक एकच असायचा, 'हवा उत्तम'. शहाण्णव साली काचबिंदूनं डोळे अधू झाले, थर्मामीटरवरच्या बारीक रेघा दिसेनात. तेव्हापासून पारा बघायचं काम आईकडे आलं. म्हणजे अप्पा आरामखुर्चीत, मांडीवर वही. आणि आई डोक्यावर पदर घेऊन तापलेल्या फरशीवरनं परसाच्या टोकाला.

उन्हाळे बदलत चालले होते. फेब्रुवारीतच घाम यायला लागला. एप्रिलात पहाटे चादर ओढून घ्यावी लागायची, ती घडी घालून कपाटात गेली. शेजाऱ्यांनी एकेक करून पंखे बसवले. पृथ्वी तापत चालली आहे अशी वर्तमानपत्रातली बातमी अप्पांनी कापून वहीत चिकटवली होती, आणि समासात लिहिलं होतं, 'धारवाड वगळून'. भूगोलाचा मास्तर! तेव्हा मला हसू आलं होतं. आता संताप येतो.

आकडा सदतीसच्या वर गेला की त्यांना खपायचं नाही. "नीट बघ," म्हणायचे. आई परत जायची, तोच आकडा घेऊन यायची. मग अप्पा कन्नडवर यायचे, वर्गात यायचे तसे. "सरियागी नोडु!" अर्थ तोच, सूर छडीचा. तिसऱ्या खेपेला आई छत्तीस सांगायची. वहीत छत्तीस. हवा उत्तम.

"अगं, पहिल्यांदाच छत्तीस सांगून मोकळी हो की," मी एकदा म्हटलं.

"पहिल्याच खेपेला खोटं कसं बोलू गं?" आई म्हणाली. "आणि मन राखायला नको होय त्यांचं? एवढी एकच हौस हाय त्यांना."

तिला ब्लडप्रेशर होतं. रोजची गोळी लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी. दुपारच्या उन्हात जाऊ नका, पाणी पीत राहा, असं डॉक्टरांनी अप्पांच्या देखत बजावलं होतं. दोन हजार तीनच्या एप्रिलात मी हुबळीच्या केशवापुरातनं, माझ्या सासरहून, एक टेबलफॅन नेऊन तिच्या स्वयंपाकघरात ठेवला. तिसऱ्या दिवशी तो ओळखीच्या माणसाबरोबर परत आला. सोबत अप्पांची चिठ्ठी होती: 'हा हुबळीत वापरावा.'

पुढच्या आठवड्यात मी भांडायलाच धारवाडला गेले. जेवणं झाली, अडीच वाजले. आई गेली, आली. "चाळीस."

"नीट बघ."

"अप्पा, पुरे की आता," मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस."

आई तोवर निघालीसुद्धा होती. परत आली ती दाराची चौकट धरून उभी राहिली. तोंड लालबुंद, पण घामाचा टिपूस नाही. किती, असं अप्पांनी विचारलं. "दूध उतू जायलंय," ती म्हणाली. चुलीवर दूध नव्हतंच. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पंख्यावरनं अप्पांशी हमरीतुमरीवर आले होते. माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं, हे मी कधी स्वतःला माफ करणार नाही.

"सरियागी नोडु!" अप्पा ओरडले. आई वळली आणि गेली.

बराच वेळ झाला तरी ती येईना म्हणून मी मागं गेले. फणसाखाली पडली होती. अंग हात लावू नये इतकं तापलेलं, कोरडं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. "तापमान किती होतं तिथं?" डॉक्टरांनी विचारलं.

"छत्तीस," अप्पा म्हणाले.

संध्याकाळी आई गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा सांगत होते, "गेल्या महिन्यात हुबळीला लेकीकडं राहून आली. तिथलं ऊन बाधलं." लोक माझ्याकडे बघायचे. मी आईच्या दिवसांत तमाशा नको म्हणून ओठ दाबून बसले.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी अडीचला अप्पा आरामखुर्चीत बसले, वही मांडीवर घेतली आणि मला हाक मारली. "श्यामला, किती झालं बघ."

गेले. बघितलं. "एकोणचाळीस."

"नीट बघ."

मी गेले नाही. त्यांच्या मांडीवरनं वही उचलली आणि मागचं पान काढलं. आई गेली त्या तारखेपुढे त्यांचं मोठं, वाकडंतिकडं अक्षर होतं. कमाल ३६. हवा उत्तम. स्मशानातनं आल्यावर, आंघोळ करून लिहिलं असणार.

ते मी मोठ्यानं वाचलं. म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी आईनं चाळीस सांगितलं होतं. छत्तीस सांगायला ती परत आलीच नाही."

त्यांनी वहीसाठी हात पुढे केला. मी दिली. त्यांनी चाचपत आजचं पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं, आणि तारखेपुढे छत्तीस लिहिलं.