सातवी झाकलेली मूर्ती

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून माणसं वर काढली. पण दिवसाढवळ्या, सताड उघड्या दाराच्या इमारतीत माझ्या अंगावर काटा आला तो त्या एकाच वेळी.

गडहिंग्लजच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीकडे, एक जुनं कॅथलिक चर्च आहे. गावाचं नाव लिहीत नाही. काही पिढ्यांपूर्वी गोव्याकडून घाट चढून आलेल्या कुटुंबांनी ते बांधलं. जांभ्याच्या दोन हात जाड भिंती, वर कौलं, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. त्यातून उजेड येतो तो पाण्याखाली बसल्यासारखा. फरशीत थडग्यांचे दगड बसवलेले. चालायचं म्हटलं तर कुणाच्या तरी नावावर पाय पडतोच.

गुड फ्रायडेच्या आधीच्या सोमवारी तिथले फादर ठाण्यात आले. चारच महिन्यांपूर्वी बदलून आलेले तरुण गृहस्थ. मृत ख्रिस्ताची लाकडी मूर्ती चोरीला गेली म्हणाले. माणसाएवढी, खांद्याला सांधे असलेली. त्या शुक्रवारी ती क्रुसावर लावतात, दुपारी खाली उतरवून हात मिटवतात आणि मिरवणुकीनं नेतात. एरवी ती बाजूच्या वेदीखाली काचेच्या पेटीत निजलेली असते. कीड लागून पोखरली म्हणून यंदा फायबरची नवी आणली होती. जुनी रीतसर पुरायचं ठरलं होतं. त्यासाठी त्या सकाळी पेटीपाशी गेले, तर आत नुसती उशी.

“पुरायचीच हुती, तर मग चोरून कोन काय करनार?” आमचे हवालदार माझ्या कानाशी पुटपुटले.

जुन्या वस्तूंचा एक दलाल त्या मूर्तीची दोनदा चौकशी करून गेला होता, हे फादरांनी सांगितलं तेव्हा हवालदारांनी दलालाचं वर्णन लिहून घेतलं.

गुन्हा दाखल करून आम्ही पंचनाम्याला गेलो. इथे त्यांची एक रीत सांगितली पाहिजे. ईस्टरच्या आधी दोन आठवडे चर्चमधल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडानं झाकतात, आणि ईस्टरपर्यंत ते कापड कुणी उचलत नाही. त्या अंधुक उजेडात भिंतीलगत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या आकृती उभ्या होत्या.

“सायेब, ह्ये सगळं आपल्याकडंच बघत्यात की,” हवालदार म्हणाले.

“झाकलेत ते.”

“म्हनून तर म्हन्तोय.”

दुसऱ्याच्या देवाच्या अंगावरचं कापड मी उचलायला लावलं नाही. त्यात मला माझं शहाणपण वाटलं. लिहून घेतलं, ‘भिंतीलगत झाकलेल्या मूर्ती सात, कापडे जागेवर.’

दुपारी एसटी स्टँडवरच्या आमच्या बातमीदाराची खबर आली. तो दलाल चर्चच्या रखवालदाराशी बोलताना दिसला होता. कुलूप तुटलेलं नव्हतं आणि किल्ली रखवालदाराकडेच. सत्तरीचा माणूस, बायकोसोबत आवारातल्याच एका खोलीत राहणारा. त्याला चर्चमधल्या बाकावर बसवला. म्हातारी बाहेर पायरीवर बसून राहिली.

“मामा, मूर्ती कुणाला दिली?”

“कुनाला बी न्हाय.”

“दलाल काय म्हणाला?”

“इकतोस का म्हनाला. वाट धर म्हनलं.”

“दुसरं कुणी दार उघडतं?”

“न्हाय. किल्ली माझ्याजवळच आस्ती. रातध्याड.”

सराईत माणूस किल्लीचं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. हा स्वतःच्याच गळ्यात घालून घेत होता. कुणाला तरी पाठीशी घालतोय एवढं कळत होतं, पण कागदावर सगळं त्याच्याच विरुद्ध होतं. मी स्पष्ट सांगितलं, “मामा, आज अटक होणार. उद्या कोर्ट. ही खोली पण जाईल.” त्यानं मान खाली घातली. दारातून म्हातारीचा आवाज आला, “त्येस्नी नगा न्हिऊ.”

पाचच्या सुमाराला मी फादरांना पंचनामा वाचून दाखवत होतो. सात आकड्यावर त्यांनी मला थांबवलं.

“सहा, साहेब.”

“सात. मी स्वतः मोजलेत.”

“भिंतीलगत आमचे संत सहाच आहेत.”

हवालदारांनी बोटानं मोजायला सुरुवात केली. सातावर आले तसा त्यांचा आवाज बसला. प्रवचनाच्या उंच लाकडी चौथऱ्यामागे, अंधाऱ्या कोपऱ्यात, ती आकृती भिंतीला टेकून उभी होती. आम्ही दोन तास म्हाताऱ्याला फैलावर घेत होतो, ते तिच्यापासून चार हातांवर.

चर्चचं दार पश्चिमेला. दारावरच्या गोल खिडकीतून उतरतं ऊन थेट आत आलं होतं. माझे वडील कबनूरला यंत्रमागावर होते. मागाच्या खडखडाटात अभ्यास करून आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. कापड मला कळतं. सहा कापडं जुन्या साटीनची, घड्यांवर विटून राखेच्या रंगाची झालेली. सातवं कोरं पॉपलीन, घरी रंगवलेलं. हे दुपारीच दिसायला हवं होतं. मी पुढे झालो आणि थबकलो. कापडाआडून ताज्या खोबरेल तेलाचा वास येत होता. नुकतंच न्हाऊन, वेणीफणी करून बसलेल्या बाईचा येतो तसा. लाकडाला असा वास नसतो. आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटलं.

“कोण आहे?” मी विचारलं. उत्तर आलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

म्हातारी आत आली. “सरा बाजूला. म्या काढते,” म्हणाली, आणि तिनं कापड वर घेतलं.

अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा तो लाकडी चेहरा. आणि त्यावर कमरेपर्यंतचे खरे केस, माणसाचे. मधोमध भांग पाडलेले, तेल लावून विंचरलेले. फादरांच्या तक्रारीत उंची होती, लाकूड होतं, रंग होता. केसांचा उल्लेख नव्हता.

“लेकीचं हायती,” म्हातारी म्हणाली. “एकुनीस वर्साची हुती. ताप डोस्क्यात गेला. बरी झाली तर केस वाहीन म्हनून नवस केलता. बरी न्हाय झाली. तरी ह्येच्या डोस्क्यावर वाहिलं. देवाला बोललं ते बोललं.”

म्हातारा बाकावरून उठला. “आमी दोघांनी उचलला, सायेब. आतनं पोकळ हाय. लई हलका.”

फादरांचा चेहरा उतरला. “मला हे कुणी सांगितलं नाही, आजी.”

“इचारलं कुनी? तिला एकदा पुरलीया, फादर. आता दुसऱ्यांदा कशी पुरू?”



मूर्ती चर्चबाहेर गेलीच नव्हती. गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचा अहवाल मी कोर्टाला पाठवला. वरिष्ठांनी फोनवर खडसावलं, “अख्खा दिवस घालवलात एका बाहुल्यापायी?” मी ऐकून घेतलं. मला टोचत होतं ते वेगळंच. मी बरोबर मोजलं, बरोबर लिहिलं, सही केली, आणि माझ्याच आकड्याकडे पुन्हा पाहिलं नाही. म्हाताऱ्याला ‘कुणाला दिली’ हे दहा वेळा विचारलं. ‘या मूर्तीत तुमचं काय आहे’ हे एकदाही नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत, समोर बसलेल्या माणसाला मी आधी ‘यात तुमचं काय आहे’ हेच विचारत आलो. कितीतरी प्रकरणं तिथेच सुटली.

पुरायचं फादरांनी रद्द केलं. शुक्रवारी बंदोबस्ताला मीच गेलो. जुनीच मूर्ती क्रुसावरून उतरवली. हात मिटवताना खांदे करकरले. मूर्ती खाटेवर निजवून मिरवणूक उसाच्या कडेनं निघाली आणि गरम वारा सुटला. बाकी सगळं लाकूड. केस तेवढे हलत होते. उडून तोंडावर आले, तशी खाटेसोबत चालणाऱ्या म्हातारीनं न थांबता ते गोळा केले आणि मूर्तीच्या कानामागे खोचले.