वैरागडे काकांनी गाडी हलवली

आमच्या डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, कोणाही मराठी माणसानं नवी गाडी घेतली की पूजेला वैरागडे काकांना बोलावत. काका पुरोहित नव्हते, बॅटऱ्यांचे इंजिनिअर होते. नारळ, हळदकुंकू, चाकांखाली ठेवायची लिंबं, सगळं ते स्वतःच्या पिशवीतून आणत. स्वस्तिक मात्र बॉनेट उघडून आतल्या बाजूला काढत. "बाहेर काढलं तर शेजारी हिटलरचं समजून पोलिसांना फोन करतीन. देवाला आतलंही दिसते."

काका नागपूरचे. पंचवीस वर्षं एका बड्या अमेरिकन कंपनीत काढून २००१ मध्ये ते एका कोरियन कार कंपनीच्या छोट्याशा लॅबमध्ये गेले, आणि त्याच कंपनीची एक राखाडी गाडीही त्यांनी घेतली. तेव्हा कोरियन गाडी म्हणजे कॉलेजला निघालेल्या मुलाला द्यायची स्वस्तातली वस्तू. आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कोणीतरी विचारलंच, "काका, सोबत रिमोट कंट्रोल दिला का?"

"हसा," काका भात कालवत म्हणाले. "ते लोक आधी शिकून राहिले, मग बोलतीन. आपलं उलटं असते. एक दिवस यांच्या गाडीत इंजिनच नसेल, नुसती बॅटरी." निवृत्तीनंतर ग्रंथ लिहिणार म्हणणाऱ्या माणसापुढे आपण जशी मान हलवतो, तशी आम्ही हलवली.

२००४ च्या जानेवारीत मी जर्मन गाडी घेतली. गाडी हवी होती त्याहून ती घेतलेली दिसायला हवी होती. पूजा बघायला मी माझ्या अमेरिकन मॅनेजरलाही बोलावलं. ड्राइव्हवेत माझ्या गाडीमागे काकांची राखाडी गाडी उभी होती.

"काका, तुमची गाडी जरा पलीकडच्या स्ट्रीटवर लावता का?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. "फोटोत येते."

काकांनी एकदा दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. "येते खरी," ते म्हणाले आणि किल्ली घेऊन गेले. बर्फातून चालत परत आले तेव्हा त्यांचे बूट भिजले होते. पूजा त्यांनी एका मंत्रानंही कमी केली नाही. बॉनेटवर वितळलेलं बर्फ स्वतःच्या बाहीनं पुसलं.

मॅनेजरनं मला इंग्रजीत विचारलं, "हे तुमचे पुजारी का?"

मी हो म्हणालो. काका दोन फुटांवर होते, आणि त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

पुढे काका पूर्वीसारखेच भेटत राहिले. मी टोमण्याची वाट पाहत होतो, तो आला नाही. माफी दर वेळी जिभेवर यायची आणि मी ती पुढच्या भेटीवर ढकलायचो. दरम्यान मंडळाच्या पार्किंगमध्ये कोरियन गाड्या वाढत गेल्या. रिमोटवाल्या विनोदी गृहस्थांनी तर दुसरी घेतली आणि वॉरंटीवर ते आम्हाला व्याख्यानं देऊ लागले. २००८ मध्ये पेट्रोल भडकलं तेव्हा बॅटरीला कोणी हसेना. त्याच उन्हाळ्यात कंपनीनं काकांना इलेक्ट्रिक गाडीच्या कामासाठी कोरियाला बोलावलं.

निरोपाच्या कार्यक्रमात मंडळाचा सचिव म्हणून भाषण माझं होतं. आज सगळं सांगून टाकायचं असं मी घरून ठरवून निघालो होतो. माइक हातात आला आणि मी द्रष्टे म्हणालो, दीपस्तंभ म्हणालो, मराठी मनाचा मानबिंदू म्हणालो. टाळ्या भरपूर पडल्या.

नंतर पार्किंगमध्ये मी काकांना गाठलं. "काका, त्या दिवशी तुम्हाला गाडी हलवायला लावली. पुजारी म्हणालो. चुकलंच माझं. माफ करा."

काकांनी हार आणि श्रीफळ मागच्या सीटवर नीट ठेवलं.

"ते तर चारचौघांत केलं होतं ना बाप्पा," ते शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, आज माइकवर बोलशीन. म्हणून तर काकूला म्हटलं, चल, पुढंच बसू."

काकूंनी माझ्याकडे न बघता सीटबेल्ट लावला. काकांनी हात हलवला आणि गाडी काढली.

त्या दिवशी माइकवर बोलायचं होतं ते हे एवढंच.