एकशे नव्वद
सलूनवाल्याला गल्लीत सगळे रेडिओ म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमानच होता. तोंडात तीळ भिजत नसे. कात्री थांबली तरी जीभ थांबत नसे.

सरकारी दवाखाना दोन बस बदलून गाठावा लागे. पुरुष तिथे फिरकत नाहीत, पण दाढीला तर येतात, म्हणून आरोग्य खात्याने सलूनवाल्यांच्या संघटनेशी करार केला. रेडिओला रक्तदाब मोजायचं यंत्र मिळालं, दोन दिवसांचं शिक्षण मिळालं आणि आकडा जास्त निघालेल्याला दवाखान्यात पाठवायला चिठ्ठ्यांचं पुस्तक. शिकवणाऱ्या नर्सबाईंनी एक गोष्ट तीनदा बजावली: आकडा ज्याचा त्यालाच सांगायचा. रेडिओने तिन्ही वेळा मान डोलावली.

एका रविवारी बसचे ड्रायव्हर खुर्चीत बसले. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. यंत्रावर एकशे नव्वद आलं. बाकावर पाच जण खोळंबले होते आणि ऐकायला माणसं असली की रेडिओला राहवत नसे.

"एकशे नव्वद! दादा, या स्पीडने बस नेलीत तर दंड होईल."

बाकावरचे पोट धरून हसले. ड्रायव्हरही हसले. चिठ्ठी खिशात घातली आणि गेले, ते पुन्हा आलेच नाहीत. डेपोत त्यांना 'एकशे नव्वद' म्हणूनच हाक मारतात, हे रेडिओला बाकावरच्या गिऱ्हाइकांकडूनच कळलं.

महिन्याने नर्सबाई चिठ्ठी दिलेल्यांची यादी घेऊन आल्या आणि ड्रायव्हरच्या नावावर बोट ठेवलं. "हे दवाखान्यात का आले नाहीत?"

"कामात असतील," रेडिओ म्हणाला. बोलला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजारी माणसाला त्यानेच दवाखान्याच्या वाटेवरून हुसकावलं होतं, तेही चार लोकांच्या हसण्यापायी. दोन दिवस त्याला घास गोड लागला नाही.

सुट्टीच्या दिवशी तो यंत्र घेऊन तीन जिने चढला. दार ड्रायव्हरनीच उघडलं. दाढी वाढली होती.

"दादा, चुकलो. शिव्या घाला, पण दवाखान्यात जा."

ड्रायव्हर खुर्चीत बसले आणि बाही वर केली. दोनशे पाच. रेडिओने वाकून कानात सांगितलं. तेवढ्यात वहिनी हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"हे काय मोजताय? काय झालंय यांना?"

रेडिओने ड्रायव्हरकडे पाहिलं.

"सांग ना," ते म्हणाले. "अख्ख्या गल्लीला सांगितलंस. हिलाच तेवढं माहीत नाही."

जन्मात पहिल्यांदा रेडिओला शब्द सापडेना. आधीचा आकडा, आजचा आकडा, उद्याच दवाखान्यात जायला हवं हे, सगळं त्याने फरशीकडे बघत कसंबसं सांगितलं.

"महिनाभर सगळ्यांना माहीत होतं?" वहिनींनी विचारलं. आणि विचारलं ते नवऱ्याला नाही, रेडिओला.