पिशवीचा दुसरा बंद

भिंगरी माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तिच्या शाळेतल्या लोकांनी मला भलतंच काहीतरी करून भिंतीवर लावलं होतं. मी तिचा मोठा भाऊ आहे, सुतार आहे, आणि मी बसवलेलं दार आजवर एकाही पावसाळ्यात फुगलेलं नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने येऊन लावून बघावं.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. दप्तर ठेवलं आणि त्यांचा रंधा उचलला. त्याच वर्षी ठरवलं, ही पोरगी सिस्टर लोकांच्या शाळेत शिकणार. आई म्हणाली, "तिथे आपल्यासारख्यांना घेतात का रे?" म्हटलं, "घेत नसतील तर घ्यायला लावू." घेतलं. आता दहावीला आहे. नाव तिचं वेगळं आहे, पण एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही भिंगरीच म्हणतो.

त्या शाळेत वर्ग कमी आणि क्लब जास्त. गाण्याचा, वादविवादाचा, झाडं लावायचा, नाटकाचा, सेवेचा. शाळा सुटली की पोरी घरी यायचं सोडून बिल्ले लावून कुठे ना कुठे घुसलेल्या. भिंगरी सगळीकडे घुसली. गाण्याच्या क्लबात तिला सांगितलं, बाळ, तू नुसते ओठ हलव. ही म्हणाली, "ओठच हलवायचे तर मी घरी बसून हलवीन," आणि निघून आली. वादविवादात मात्र रमली. शेजारच्या शाळेचा संघ पुढच्या वर्षी आलाच नाही, ते उगीच नाही.

मग सेवा क्लबची सेक्रेटरी झाली. सुट्टीच्या दिवशी पोरी वृद्धाश्रमात जायच्या, म्हाताऱ्यांची नखं कापायच्या, पेपर वाचून दाखवायच्या. घरी येऊन ही एकेका आजोबाची नक्कल करायची. आई हसून हसून खोकायची. नाटक क्लबातही हीच पुढे. दोन्ही क्लब एकाच मिसकडे. या मिस नव्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या, बोलणं साखरेत घोळलेलं.

तर यंदा भिंगरीने नाटक बसवलं. स्वतः. बसस्टॉपवर भांडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचं. पण शाळेच्या हॉलमध्ये स्टेज नाही, नुसती फरशी. मागे बसलेल्याला पुढच्याचं टाळकंच दिसतं. एके दिवशी जेवताना म्हणाली, "दादा, आम्हाला स्टेज पाहिजे."

"शाळेला सांग."

"शाळेला सांगितलं. शाळा म्हणाली पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी तू असशील का?"

"म्हणून तर तुला सांगतेय ना."

हातातली कामं मागे ठेवली. गिऱ्हाईकं दारात येऊन बोंबलली, त्यांना म्हटलं, थांबा. लाकूड माझं, प्लाय माझा, बोल्ट माझे. तुकड्यातुकड्यांचं स्टेज बनवलं, पोरींनी उचलून लावावं आणि पुन्हा सोडवून भिंतीला टेकवावं असं. बारा जणी एकदम नाचल्या तरी कुरकुर नाही. असं स्टेज कुठे बघितलं असेल तर मला पत्ता द्या.

नेऊन लावलं त्या दिवशी मिस खूष झाल्या. आभार म्हणून मला क्लबची पिशवी दिली. कापडी पिशवी, वर क्लबचा शिक्का, आत साबण, टॉवेल, असं काहीबाही. त्यांची पद्धतच आहे, एक बंद पोरीने धरायचा, दुसरा समोरच्याने, आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. मी धरला. चांगला हसलोसुद्धा.

मग आला क्लबांचा दिवस. सकाळी प्रदर्शन, संध्याकाळी नाटक. मी गिऱ्हाइकाकडे लग्नाला जातो तो शर्ट घातला आणि सकाळीच गेलो. व्हरांड्यात प्रत्येक क्लबचा बोर्ड. सेवा क्लबच्या बोर्डसमोर एक बाई उभ्या होत्या, चांगल्या घरातल्या. त्यांनी बोर्डकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बोर्डकडे बघितलं. मग अगदी मायेने म्हणाल्या, "मिळालं ना सगळं व्यवस्थित? अजून काही लागलं तर संकोच करू नका हं."

मला कळेना. वर बघतो तर मी. पिशवीचा बंद धरून हसतोय. आणि फोटोंच्या त्या रांगेवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'गरजू कुटुंबांना मदतीचा हात'.

तळपायाची आग मस्तकात गेली. लाकूड माझं, घाम माझा, आणि गरजू पण मीच?

मिस तिथेच पाहुण्यांना सरबत देत होत्या. म्हटलं, "मिस, हे काय आहे?"

"अरे, तुम्ही आलात. छान."

"छान नाही. मी तुम्हाला स्टेज दिलं. तुम्ही मला काय दिलं?"

"पिशवी दिली ना," त्या म्हणाल्या. गंमत करत नव्हत्या. "हे बघा, आपल्याला या बोर्डसाठी एक फोटो कमी पडत होता. ढाल मिळायची असेल तर बोर्ड भरलेला लागतो. आणि मदत घेण्यात कमीपणा काय मानायचा?"

"घेतली असती तर मानला नसता. काढा तो."

"परीक्षक येऊन गेले की बघू. उद्या."

"आत्ता."

"दादा, प्लीज. पाहुणे आहेत." आणि माझ्या हातात सरबताचा ग्लास दिला. तो मी तसाच खिडकीत ठेवला आणि बाहेर पडलो. दादा म्हणे. हिला कोणी सांगितलं मी हिचा दादा आहे?

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पोरीचं नाटक होऊ दे, मग भांड." मी ऐकून घेतलं नाही. पान्हे घेतले, समोरच्याची हातगाडी घेतली आणि दुपारी हॉलच्या दारात उभी केली. ज्यांना मी गरजू वाटतो त्यांनी गरजूच्या स्टेजवर कशाला नाचायचं?

आत तालीम चालू होती. भिंगरी एका पोरीला कंबर वाकवायला शिकवत होती. हातगाडी बघून थांबली.

"दादा, हे काय?"

"माझा माल न्यायला आलोय."

मला वाटलं रडेल. कसली रडते. तिने पान्ह्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पोरींना म्हणाली, "उतरा गं खाली."

एक पोरगी म्हणाली, "मग नाटक?"

"फरशीवर करायचं. मागच्यांना दिसलं नाही तर उभे राहतील. चला, एकेक तुकडा सोडवा. कोपरे आपटू नका, ज्याचं आहे त्याला नीट परत द्यायचं."

आणि खरंच पोरी बोल्ट सोडवायला बसल्या. मी बारीक आवाजात विचारलं, "तुला माहीत होतं?"

"फोटो मीच चिकटवला."

माझ्या हातातला पान्हाच पडला. "तू?"

"चिकटवायचे फोटो मिसनी दिले. मी म्हटलं, हा माझा भाऊ आहे, याने आपल्याला दिलंय. त्या म्हणाल्या, मग तर छानच, तुमच्या घरालाही हातभार. तीनदा भांडले. तिसऱ्यांदा म्हणाल्या, फारच त्रास होत असेल तर नाटक दुसरी कोणीतरी बघेल."

"आणि तू गप्प बसलीस."

"आजच्यापुरती. पोरींनी दोन महिने घासलंय, दादा. या कोपऱ्यातल्या पोरीची आजी येणार आहे बघायला, तिला नीट चालता येत नाही तरी येणार आहे. उद्या मी मिसचं काय करते ते बघ."

"जो तो उद्या म्हणतोय. उद्यापर्यंत मी भिकारी होऊन लटकू?"

"लटकू नकोस. बोल्ट काढ."

ही अशी आहे. हिच्या नाकावर माशी बसत नाही, आणि माझ्यासमोर तर नाकच वर. पण रागावलेल्या माणसाला कोणी अडवलं तर जोर येतो. इथे सगळ्या मिळून मला मदतच करायला लागल्या. पहिला तुकडा सुटला तसा मी कपाळावरचा घाम पुसायला मान वर केली.

वर बंद पंखा. पंख्याच्या पात्यावर रंगाने लिहिलेलं, अमक्या कुटुंबाकडून भेट. दुसऱ्या पंख्यावर तमक्यांकडून. खुर्च्यांच्या पाठीवर, घड्याळाखाली, पाण्याच्या टाकीवर सुद्धा. ज्याने ज्याने काही दिलं त्याचं नाव त्या वस्तूवर. एवढ्या हॉलमध्ये निनावी एकच वस्तू होती, ती माझी.

"बोल्ट परत आवळा," मी म्हटलं.

"काय?"

"आवळ म्हणतो ना. आणि तुमच्या बसस्टॉपचा तो काळा रंग कुठंय?"

समोरच्या फळीवर, सगळ्या हॉलला दिसेल असं लिहिलं, 'हे स्टेज नाटक बसवणाऱ्या मुलीच्या मोठ्या भावाने, सुतार, याने स्वतःच्या हाताने बनवून शाळेला भेट दिले.' अक्षर मोठं काढलं म्हणून एका ओळीत मावलं नाही, 'भेट दिले' खाली कोपऱ्यात गेलं. पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. भिंगरी हसत नव्हती, डबा धरून उभी होती.

तेवढ्यात मिस आल्या. "हे काय लिहिलंय? पुसा आधी."

म्हटलं, "ओला रंग आहे, मिस. पुसायला गेलात तर साडीला लागेल."

त्यांनी मोठ्या सिस्टरना बोलावलं. त्या मुख्याध्यापिका, थकलेल्या, गुडघे धरून चालणाऱ्या. त्यांनी फळी वाचली. मग मान वर करून पंखा वाचला.

"पंख्यावर चालतं तर फळीवर चालेल," त्या मिसना म्हणाल्या. मग मला, "फोटोचंही कानावर आलंय. उद्या बघते."

पुन्हा उद्या. बरं.

नाटक झालं. मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसलो, कोणी उठवलं नाही, उठवून बघायचं होतं. ती आजी आली, मागे बसली आणि बसूनच तिने सगळं बघितलं. स्टेज एकदाही कुरकुरलं नाही. त्या सकाळच्या बाई माझ्या दोन खुर्च्या पलीकडे होत्या. फळी वाचली आणि पूर्ण वेळ पदर सारखा करत बसल्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला. म्हटलं, "दिसतंय ना सगळं व्यवस्थित? संकोच करू नका हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी माझ्याआधी उठली होती. बिल्ला लावून दारात उभी. "दादा, ती पातळ पटाशी दे."

"कशाला?"

"बोर्ड साफ करायचाय."

"मोठ्या सिस्टर करणार होत्या ना?"

"त्या बघणार होत्या."

मीही निघालो. शाळा नुकती उघडत होती. तिने पटाशी फोटोखाली सरकवली, हलक्या हाताने, चेहऱ्याला चीर न पाडता. माझा निघाला. मी खिशात घातला आणि चालायला लागलो, मागे बघतो तर ही पुढच्या फोटोला लागलेली.

"माझा निघाला की."

"तुझ्या एकट्याचा काढायला आलेय का?"

तेव्हा बाकीचे बघितले. आदल्या दिवशी माझ्या फोटोपुढे मला दुसरं कोणी दिसलंच नव्हतं. चष्म्याची काच फुटलेले आश्रमातले आजोबा. आणि त्यांच्या शेजारी आमच्या कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. हिच्याशी मी रोज बोलतो. पिशवीचा बंद हातात, पण मान अशी फिरवलेली की कॅमेऱ्याला फक्त कान मिळावा. पुन्हा डोकं भणभणलं. म्हटलं, "आण ती पटाशी इकडे." भिंगरी म्हणाली, "नको, तू रागात आहेस, फाडशील."

शेवटचा फोटो निघत होता तेव्हा मिस आल्या. "कोणाला विचारून काढतेस?"

"ज्यांचे आहेत त्यांना विचारायला चाललेय, मिस. लावायचे का म्हणून."

"मग या क्लबमध्ये तुझं काम नाही."

"बरं, मिस." तिने छातीवरचा बिल्ला काढला, रिकाम्या बोर्डला टोचला आणि माझा दंड धरून मला बाहेर ओढलं.

कोपऱ्यावर इस्त्रीवाली पहिला गठ्ठा सोडत होती. भिंगरीने फोटो तिच्यापुढे ठेवला. "मावशी, हा शाळेत लावला होता. तुम्हाला विचारायचं राहून गेलं."

तिने तो उचलून बघितला. मग पालथा घातला, वर इस्त्रीच्या कपड्यांची चळत ठेवली आणि म्हणाली, "तुझी कॉलर बघ कशी मुडपलीये. ये इकडे."

भिंगरी कॉलर पुढे करून उभी राहिली. इस्त्रीवालीने हाताने पाणी शिंपडलं, एकदा इकडून, एकदा तिकडून दाबलं.

"चल दादा," भिंगरी म्हणाली, "आजोबा राहिलेत."