नावाच्या जागी खंजिरी

दुधानं पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मेडशीचे पंजाबराव तर पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. गावच्या नळाचा वॉल सोडायचं काम त्यांचं. सारं गाव त्यांच्या हातचं पाणी प्यायचं, पण त्यांचा भरवसा गावात एकावरही नव्हता.

कारणही तसंच होतं. बारा वर्षांमागे त्यांनी या नळावरच एक भीमगीत रचलं अन् गावात म्हटलं. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं, ही या गाण्यांची रीतच. रिसोडकडच्या एका जयंतीत एका गायनपार्टीनं तेच गाणं म्हटलं. शब्द न् शब्द तोच, शेवटी नाव मात्र पार्टीच्या मालकाचं! पंजाबराव मांडवातच बसले होते. उठले अन् चप्पल न शोधता अनवाणी घरी आले.

गाणी पुढंही सुचत राहिली, ती काय कोणाच्या बापाला विचारून येतात? पण लिहिलं की वही पेटीत अन् पेटीला कुलूप. ऐकणारा नसला की गाणं आतल्या आत आंबतं, हे त्यांना पुरतं कळत होतं. जीव तळमळायचा. तरी कोणी नुसतं गुणगुणलं, की हे वळून त्याच्या खिशाकडं बघायचे, मोबाईल तर चालू नाही ना!

अशात एका दुपारी रिसोडच्या एसटीनं आलेली केशरबाई नावाची साठीची बाई दारात उभी राहिली. पिशवीतून खंजिरी डोकावत होती.

"जय भीम, भाऊ. नळावरचं गानं लिवनारे तुमीच का?"

"कोनतं गानं? मी नाई लिवत गानंबिनं." पंजाबरावांनी चक्क खोटं सांगितलं. मनात म्हणाले, आली दुसरी चोरटी.

सून सपना बाजूलाच तुरीची डाळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "मामाजी, बाईले पानी तरी देऊ द्या."

"दे. पन पयले त्यायचा मोबाईल डाळीच्या डब्यात टाक. झाकन घट्ट लाव."

केशरबाईनं मुकाट्यानं मोबाईल दिला. पाणी प्यायली, खंजिरी काढली अन् गायला लागली,

"भीमानं तळं खुलं केलं, चावी आली माह्या हाती,
पयलं पानी पाटलाच्या घरी, मंग शेवटल्या घरासाठी..."

"खोटं!" पंजाबराव ताडकन उठले. "पयलं पानी शेवटल्या घरी! मंग पाटलासाठी! मी कायले पाटलाले पयलं पानी देऊ वो?"

सपना पदरात तोंड लपवून हसली. केशरबाई मात्र हसली नाही.

"तुमचंच हाय, आता पटलं. उलटं मुद्दाम म्हनलं, भाऊ. वॉल सोडनारे हुडकत फिरते मी. तुमच्याआधी दोन गावात दोघं म्हनले गानं माहंच हाय. दोघायनंबी पाटलाले पयलं पानी देलं अन् वरून माना डोलावल्या."

पंजाबराव खाटेवर बसले. बाई आपल्याहून संशयी निघाली होती.

"पन त्यात तर नाव हाय ना दुसऱ्याचं," ते चाचरत म्हणाले.

"हाय ना. त्या पार्टीवाल्यानं उभ्या जल्मात वॉल फिरवला नसंल. आमच्या घराचं पानी सगळ्यात शेवटी येते. आमाले कळते हे कोन लिवू शकते. मनून आमच्या विहारातल्या बाया ते नाव घेत नाईत. बारा वर्सं झाली. तिथं निस्ती खंजिरी वाजवतो. आयका."

तिनं शेवटचं कडवं धरलं. नावाची जागा आली अन् बाईचा गळा थांबला. खंजिरीवर तीन थापा पडल्या. मग पुढं,

"...म्हने, भर माय घागर, रांग नाई आता जातीसाठी."

पंजाबराव भिंतीकडं तोंड करून बसले. डोळे भरून आले होते अन् ते सुनेला दाखवायचे नव्हते. केशरबाईनं तेच कडवं पुन्हा म्हटलं. पुन्हा तीन थापा. तिसऱ्यांदा तिनं हात वर उचलला, पण थाप मारलीच नाही. वाट बघत राहिली.

"पंजाब," ते पुटपुटले.

"आयकू नाई आलं, भाऊ."

"पंजाब!"

मग दोघांनी मिळून कडवं पुरं केलं. पंजाबरावांनी कंबरेची किल्ली काढली, पेटी उघडली, वही घेतली अन् दाराकडं एकदा बघून घेतलं. सवयच ती, एका दिवसात थोडीच जाते!

"सपना," ते म्हणाले, "डब्यातून बाईचा मोबाईल काढ. डाळ झटक त्याची. अन् चालू करून दे त्यायले."