वळणावरचा कागद

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात सहीच्या पुढे पेन चालवणारा मी पहिलाच. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे म्हणून लिहिता येतं असं नाही, हे मला कळतं. हे दोनदा लिहून फाडलं. कारण जे सांगायचंय त्यात माझीही एक लाजिरवाणी बाजू आहे. ती वगळली तर बाकीचंही खोटं वाटेल. चुकलं तर सांभाळून घ्या.

पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. रविवारची सकाळ. गंगापूर रोडच्या एका मैदानावर, दोन-तीनशे माणसांसमोर, मी शर्ट वर करून करदोड्याची गाठ सोडत होतो.

करदोड्याला सायकलची किल्ली होती.

शर्यत चालू होती. आधी चार किलोमीटर धावायचं. मग धरणाच्या रस्त्याने सायकलवर आठ किलोमीटर जायचं, तिथून वळून परत यायचं. शेवटी पुन्हा दोन किलोमीटर धावायचं. धावून आलेल्याने रांगेतली आपली सायकल उचलायची आणि निघायचं, इतकं साधं. धावण्यात मी दुसरा आलो होतो. माझ्या मागून आलेली पोरं सायकली उचलून एकेक करून निघून गेली. आणि मी गाठ सोडत होतो. घामाने ती घट्ट बसली होती.

शर्यतीत सायकलला कुलूप लावत नाहीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हे सांगावं लागेल असं कोणाला वाटलंच नसणार.

मखमलाबादच्या पुढे आमचं एकरभर रान आहे. झेंडू, शेवंती, थोडी भाजी. अकरावीपासून पहाटे फुलांचं बोचकं कॅरिअरला बांधून गोदाकाठच्या फुलबाजारात मीच नेतो. बाजारात बोचकं खाली उतरवायचं आणि दुसऱ्या हाताने मागच्या चाकाचं कुलूप दाबायचं. हाताला सवय झाली आहे, डोक्याला विचारावं लागत नाही. नाना, म्हणजे माझे वडील, रोज बजावायचे, "कुलूप लाव बरं. सायकल गेली तर फुलं काय डोक्यावर न्यायची?" त्या दिवशी रांगेत सायकल लावली आणि हाताने आपलं काम केलं. धावताना पडू नये म्हणून किल्ली करदोड्याला बांधली. मला तर ती हुशारी वाटली होती.

माइकवर आयोजकांपैकी एक गृहस्थ बोलत होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अरे, बघा बघा! अडतीस नंबर! शर्यतीत सायकलला कुलूप! अरे बाळा, इथे सगळी चांगल्या घरची मुलं आहेत. तुझी ती सायकल कोण नेणार?"

सगळं मैदान हसलं. लहान पोरं हसली. पाण्याचे ग्लास भरणाऱ्या बायका हसल्या. मीही हसलो. हे लिहिताना सगळ्यात जास्त तेच टोचतं. मीही हसलो.

सातवा होऊन मी मैदानाबाहेर पडलो.

आता माझी लाजिरवाणी बाजू. माझ्या वर्गात अद्वैत नावाचा मुलगा होता. वडील डॉक्टर, कॉलेज रोडला बंगला. तो माझ्याशी कधी वाईट वागला नाही. वहीसुद्धा द्यायचा. पण मी त्याच्यावर जळायचो. त्याच्याकडे गिअरची लाल सायकल होती. पायडल थांबवलं की तिच्यातून टिकटिकटिक असा बारीक आवाज यायचा. तो आवाज मला वर्गात बसूनही ऐकू यायचा. त्या सकाळी त्याने दोन जोडी बूट आणले होते, एक धावायला, एक सायकलला. त्याची आई केळं अर्धं सोलून हातात धरून उभी होती, त्याला सोलायचेही कष्ट पडू नयेत म्हणून. आणि तो सगळ्यांना काका म्हणत होता. माइकवाले काका, घड्याळवाले काका, यादीवाले काका. मैदानभर त्याचे काका होते. माझ्या ओळखीचं तिथे कोणी नव्हतं. नाना रानात होते. दसऱ्यानंतर चार दिवस फुलांना उठाव नसतो, तेवढ्यात दिवाळीच्या झेंडूला पाणी द्यायचं असतं.

पहिले तीन नंबर नाशिकच्या संघातून पुण्याच्या शर्यतीला जाणार होते. मला ते हवं होतं. देवदर्शनाला वणीला गेलो तेवढाच माझा प्रवास. पण खरं सांगायचं तर पुण्यापेक्षा मला हे हवं होतं, की ज्या यादीत अद्वैत आहे त्यात मी त्याच्या वर असावं. एकदा तरी.

धरणाकडे चढ लागला आणि मला माझी सायकल सापडली. एरवी तिच्यावर तीस-चाळीस किलो फुलं असतात. आज पाठ रिकामी. पाय आपोआप फिरत होते. गिअरवाली दोन पोरं टिकटिक करत मागे पडली. मग आणखी एक. सकाळचं कोवळं ऊन होतं, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे बाग, आणि चौथ्या नंबरवर मी. तिसरा अद्वैत होता, शंभरेक पावलं पुढे. मी त्याच्या पाठीकडे बघत मनात म्हणालो, देवा, याची सायकल मोडू दे.

असं म्हणालो. लिहून टाकतो.

पुढच्या वळशाला तो रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला. गिअर बदलताना चेन उतरली होती. बोटं काळी झालेली. मला बघून म्हणाला, "अरे, जरा थांब ना. हात लाव."

चेन बसवणं माझ्यासाठी मिनिटाचंही काम नव्हतं. मी थांबलो नाही.

वळणाच्या जागी रस्त्यावर चुन्याने गोल काढला होता. बाभळीखाली खुर्ची, खुर्चीत एनसीसीच्या गणवेशातली एक मुलगी, मांडीवर पॅड. मी गोलाला फेरी मारली. "अडतीस!" ती ओरडली आणि खाली मान घालून तिने लिहिलं. परत फिरल्यावर थोड्या अंतरावर अद्वैत समोरून आला. चेन बसली होती. आमची नजरानजर झाली. मी नजर वळवली नाही, त्याने वळवली.

शेवटचे दोन किलोमीटर धावताना पायांत गोळे आले, पण मी तिसरा आलो. दोरी ओलांडली आणि मागे वळून पाहिलं. अद्वैत अजून फाटकाशी होता. सायकल रांगेत ठेवून आलो होतो, या वेळी कुलूप न लावता. ती जागेवरच होती.

तासाभराने निकाल वाचला. पहिला कोणीतरी, दुसरा कोणीतरी, तिसरा अद्वैत.

मला आधी वाटलं माझं नाव चुकून राहिलं. टेबलापाशी गेलो. यादीवाले गृहस्थ समोर होते. मी म्हणालो, "सर, मी तिसरा आलो."

ते म्हणाले, "वळणावरच्या कागदावर तुझा नंबर नाही. आधीच वळलास का?"

"नाही सर. गोलाला फेरी मारली. त्या ताईंनी नंबर लिहिला."

"कागदावर नाही म्हटलं ना."

"मला कागद दाखवा."

"आता तू आम्हाला तपासणार?"

अद्वैत शेजारीच उभा होता, गळ्यात रुमाल. मी त्याला विचारलं, "तू पाहिलंस ना मला? मी वळून परत येत होतो, आपण समोरासमोर आलो."

तो बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाला, "मी चेनकडे बघत होतो रे. लक्ष नव्हतं."

मागून एक बाई हळू आवाजात म्हणाल्या, "या मुलांना शॉर्टकटची सवय असते." या मुलांना. मी एकटाच होतो.

मला अजून जोर करता आला असता. पण 'जरा थांब ना, हात लाव' हे कानात होतं. मला वाटलं, मी थांबलो नाही म्हणूनच हे झालं. देवाने एक मागणं ऐकलं आणि त्याची भरपाई लगेच करून घेतली.

मग माझा नंबर पुकारला. "आता एक खास बक्षीस! उत्तेजनार्थ! साध्या सायकलवर, कुलूपवाल्या सायकलवर," इथे पुन्हा हशा, "इतक्या जिद्दीने उतरलेला आपला अडतीस नंबर! टाळ्या होऊ द्या, फुलवाल्याच्या मुलासाठी!"

फॉर्मवर वडिलांचा धंदा लिहिला होता, तो त्यांनी वाचला असणार. टाळ्या झाल्या. चांगल्या जोरात झाल्या. मी स्टेजवर चढलो. पाहुण्यांनी एक पांढरी टोपी पुढे केली. माझा हात अर्धा गेला. खरंच गेला. टोपी चांगली होती.

मग हात थांबला. मी म्हणालो, "सर, मी वळलो नसेन तर मला बक्षीस कशाला? आणि वळलो असेन तर तिसरा नंबर द्या."

माइक जवळच होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं. मला तसं करायचं नव्हतं, पण झालं. पाहुणे टोपी धरून तसेच उभे राहिले. माइकवाले काका हसत म्हणाले, "अरे, घे रे बाळा. एवढा जळतोस कशाला?"

मी टोपी न घेता खाली उतरलो. सायकल काढली आणि घरी आलो.

नाना पाटाच्या बांधावर होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "मंग टोपी नाय घेतली?"

"नाय."

"बरं केलं. घरात हाय एक." आणि फावडं उचलून त्यांनी पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलं. आई मात्र म्हणाली, "लय बोललास का रं तिथं? मोठी माणसं असतात ती."

काकांचा तो शब्द मात्र माझ्यासोबत घरी आला. जळतोस. तो खोटा असता तर मी कधीच विसरलो असतो. पण मी जळत होतोच. कॉलेजच्या फलकावर पुण्याला गेलेल्या संघाचा फोटो लागला. निळी जाकिटं, मध्ये अद्वैत. तास संपला की मी त्या फोटोपुढून जायचो. दुसरा जिना होता, तरी तिथूनच जायचो. खेळाचे सर एकदा म्हणाले, "तुझ्यात दम आहे, पण तुझं मन स्वच्छ नाही. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही तुला." मी हो म्हणालो. मला ते पटलं होतं. हळूहळू मला असंही वाटायला लागलं, की कदाचित मी गोलाच्या आतूनच वळलो असेन. कदाचित त्या मुलीने 'अडतीस' म्हटलंच नसेल. जळणाऱ्या माणसाला काय काय ऐकू येतं. दुसऱ्या वर्षी शर्यत झाली, मी गेलो नाही. त्या रविवारी बाजारातून मी लांबच्या रस्त्याने घरी आलो.

या वर्षी दसऱ्यानंतर तीन दिवसांनी, सकाळी बाजार मोडत आला होता. एक मुलगी आणि तिची आई हारांची चौकशी करत आल्या. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख होती. मुलीचंच लग्न. आई शेवंतीचा भाव विचारत होती. मुलगी माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली,

"तुम्ही त्या शर्यतीत होतात का हो? अडतीस नंबर?"

मी ओळखलं नाही. गणवेश नव्हता. ती म्हणाली, "मी वळणावर होते. तुम्ही स्टेजवर बोललात ना, ते मैत्रिणीने सांगितलं मला. मी तोवर निघून गेले होते."

माझ्या हातातला दोरा तसाच राहिला. मी विचारलं, "कागदावर माझा नंबर होता?"

"होता की. मीच लिहिला. तिसरा. तुमच्या खाली सतरा."

सतरा म्हणजे अद्वैत.

"दुसऱ्या दिवशी मी त्या यादीवाल्या सरांकडे गेलेसुद्धा," ती म्हणाली. "म्हटलं, कागदावर अडतीस आहे. ते म्हणाले, आता जाहीर झालंय, डॉक्टरांच्या घरी पेढे वाटून झालेत, कशाला वाढवतेस."

तिची आई म्हणाली, "चल गं, उशीर होतोय." पण ती थांबली.

"आणि तुमचा तो मित्र. त्याने वळताना मला विचारलं होतं, पुढे कोण गेलं? मी सांगितलं, अडतीस गेला, तू चौथा."

मी तिला म्हणालो, "हे लिहून द्याल?"

तिने आईकडे पाहिलं. "आता? नको हो. माझं सासर त्याच ओळखीतलं आहे. मला यात नका ओढू." मग म्हणाली, "तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगितलं."

तिच्या आईने हार दुसरीकडे सांगितले.

म्हणजे लेखी काहीच नाही. कागद नाही, साक्ष नाही. अद्वैत आता इंजिनीअरिंगला गेलाय, त्याला ही गोष्ट आठवतही नसेल. पण दोन वर्षं मी दोन गोष्टी एकच समजत होतो. मी जळत होतो. आणि माझा नंबर चोरला होता. पहिल्या गोष्टीने दुसरी पुसली जात नाही. मन स्वच्छ असलेल्यालाच न्याय मागता येतो, असं मला ज्यांनी पटवलं, त्यांचं मन कोणी तपासलं नव्हतं.

परवा मी शर्यतीचा फॉर्म भरला. यादीवाले गृहस्थ तेच होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी म्हणालो, "निकाल वाचायच्या आधी वळणावरचा कागद मैदानात लावा. नाही लावला तर मी स्टेजसमोरून हलणार नाही. दोन वर्षांपूर्वीचाही कागद मागणार आहे. माइकवर मागणार आहे."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तू कोण?"

मी नाव सांगितलं. पूर्ण. आडनावासकट. मग म्हणालो, "तिसरा आलो होतो."